चिकटपट्टीवरच्या चौदा रेघा

शून्यमास्तर,

फोनवर तुमच्याशी बोलणं मी सोडून दिलं आहे. काहीही विचारलं की तुम्ही म्हणता, "हो हो, उत्तम." मागच्या खेपेला मी तुमच्या मुलीच्या घराचा पत्ता विचारत होते. तीनदा विचारला, तीनदा तो उत्तम होता. शेवटी तुमच्या बायकोने फोन हातातून काढून घेतला तेव्हा कुठे पत्ता मिळाला. म्हणून आता लिहितेच. डोळे तरी तुमचे अजून शाबूत आहेत.

हे पत्र तुम्ही एकटे वाचणार नाही, हे आधीच सांगते. वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी चिटणीसांनी माझ्याकडे चार पानं मागितली, "आपल्या संस्थेशी जोडलेल्या एखाद्या व्यक्तीवर." त्यांना वाटलं असेल मी पहिल्या ग्रंथपालांवर लिहीन. मी तुमचं नाव काढल्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "त्यांच्यावर काय लिहिणार, बाई?" असं विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते. जे झालं ते लिहिणार, असं मी सांगितलं. जे झालं ते त्यांनाही पूर्ण ठाऊक नाही. तेव्हा तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मला इथे सांगाव्या लागतील. कंटाळा आला तर पान उलटा.

वाचकहो, आपल्या सभागृहातला आवाज या गृहस्थांनी बावीस वर्षं सांभाळला. भाषण असो, गाण्याच्या वर्गाची परीक्षा असो, नाही तर माझा बुधवारचा वाचनाचा तास, माइकपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द पोहोचवायचं काम यांचं. नोकरी म्हणावी तर हजेरीपट नाही, सेवा म्हणावी तर तो शब्द काढला की यांच्या कपाळाला आठ्या. "शून्यमास्तर" हे नाव गाण्याच्या वर्गाने ठेवलं, कारण कुणीही मिक्सरला हात लावला की हे मागून ओरडायचे, "शून्यावर ठेवा." मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. टेबलावरची ती सरकत्या बटणांची पाटी, जिच्यात सगळे माइक येऊन मिळतात. प्रत्येक सरकत्या बटणाच्या बाजूला एक शून्य छापलेलं असतं. बटण तिथे असलं की आवाज आला तसा पुढे जातो, फुगत नाही, दबत नाही. एवढी साधी गोष्ट मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळली, तीही तुमची बोलणी खाऊन.

तुमचं शिक्षण तुमच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या दुकानात झालं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं दुकान, आणि फळ्यांवर पाठ उघडी पडलेले रेडिओ. भाऊजी रेडिओ उघडू द्यायचे नाहीत. आधी ऐक, म्हणायचे, आणि काय बिघडलंय ते सांग, मग स्क्रू काढ. बारा वर्षं तुम्ही असे नुसते कान लावून बसलात. त्यातून जी सवय लागली तिने लोकांना भंडावून सोडलं. माझ्या घरी पहिल्यांदा आलात, चहाचा कप हातात घेतलात आणि म्हणालात, "बाई, तुमच्या पंख्याचं बेअरिंग चाललंय." ना घर छान आहे, ना चहा छान आहे. मी रागावले. पंधरा दिवसांत पंखा बंद पडला आणि मी आणखी रागावले.

तुमची बायको रुग्णालयात परिचारिका होती. झोपलेल्या माणसांच्या मधून चालायची सवय, त्यामुळे बोलणं कायम अर्ध्या आवाजात. तुम्हाला त्याचा कोण अभिमान. नळ सोडलेला असो, कुकरची शिट्टी होत असो, ती आत पुटपुटली तरी मला गॅलरीत ऐकू येतं, असं तुम्ही चारचौघांत सांगायचात. पुढे पुढे तुमच्याकडे आले की ती ताटावर डाव आपटून तुम्हाला हाक मारताना दिसायची. हल्ली ही फार आदळआपट करते, अशी तक्रार तुम्ही माझ्याकडे केलीत. आणि मी, दोन विषयांत पदवी घेतलेली बाई, मान डोलावली. वयाप्रमाणे स्वभाव बदलतो म्हणाले.

आता त्या डब्यांकडे येते.

पूर्वी आपल्याकडे अँप्लिफायर कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला. कुणी काही बिघडवूच शकत नव्हतं. मग अडीच वर्षांपूर्वी कुणीतरी दोन नवे काळे स्पीकर भेट दिले. अँप्लिफायर त्यांच्या पोटातच. मिक्सरमधून वायर काढायची, सरळ डब्यात खुपसायची, काम झालं. प्रत्येक डब्याच्या पाठीला त्याचं स्वतःचं फिरवायचं बटण. चिटणीस हरखून गेले. भिंतीवर लावायच्या आधीच त्यांनी दोन्ही बटणं पूर्ण उघडून ठेवली. दिलेच आहेत तर पुरते वापरू, असा त्यांचा हिशेब.

पहिल्याच दिवशी पाहुणे "सभ्य स्त्रीपुरुषहो" म्हणाले आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी कान झाकले. उजवा डबा तर कागद फाडावा तसा वाजत होता. तुम्ही शिडी लावलीत, मागे हात घातलात, एक बारका खटका खाली केलात आणि फाटणं थांबलं. डब्यात आवाजाला शिरायला दोन वाटा असतात, असं तुम्ही मला नंतर सांगितलंत. एक माइकच्या अशक्त आवाजासाठी आणि एक मिक्सरमधून येणाऱ्या दमदार आवाजासाठी. खटका अशक्ताच्या बाजूला राहिला होता आणि आत दमदार शिरत होता.

खटका दुरुस्त झाला, पण बटणांचं भांडण तेव्हापासून सुरू झालं. डबे पूर्ण उघडे म्हणून मिक्सर पार खाली ठेवावा लागे. तिथे बोटभर सरकवलं की कुजबुजीची एकदम आरोळी होई. शिवाय पूर्ण उघडा डबा कुणी बोलत नसतानाही स्वतःचं काहीतरी बडबडत राहतो, वायरीतली खसखस मोठी करून ऐकवतो. उलट डबा जेमतेम उघडा ठेवून मिक्सर वर ढकलला तर आवाज मिक्सरमध्येच फाटतो, आणि तिथे फाटलेला पुढे कुणाच्या बापाला शिवता येत नाही. हे चिटणीसांना समजावताना तुम्ही म्हणालात, "दोघांनी कपाट जिन्यावरून चढवायचं आहे. एकानेच जोर लावला तर कपाट भिंतीला घासणार." चिटणीस म्हणाले, जिना रुंद आहे.

मग तुमची पद्धत तुम्ही बसवलीत. मिक्सर शून्यावर. माइकवर माणूस नेहमीसारखा बोलतो, हिरवे दिवे लागतात, लाल नाही. तुम्ही शिडीवर, हात डब्याच्या पाठीशी. शेवटच्या रांगेत, खांबाशेजारच्या खुर्चीत मी. शब्द स्वच्छ पोहोचेपर्यंत तुम्ही बटण उघडत न्यायचं. पोहोचले की मी हात वर करायचा. मग बोलणारा गप्प, सगळे पंखे बंद, आणि शांततेत खसखस येते का ते मी सांगायचं. आली तर तुम्ही केसभर मागे यायचं. हे झालं की बटणाभोवती कागदी चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीची रेघ आणि रेघेखाली तारीख. तारीख कशासाठी, तर चिटणीसांना रंगेहाथ पकडण्यासाठी. तुमची खात्री होती की तुमच्या मागे ते शिडीवर चढून बटण फिरवतात. माझीही होती. दर दोन महिन्यांनी तुम्ही तपासणी करायचात, मी खांबाशेजारी बसायची, आणि दर वेळी आवाज थोडा कमीच पडायचा. आणखी थोडं, मी म्हणायची. तुम्ही उघडायचात. "डबे थकत चालले," तुम्ही म्हणायचात. नव्या मालात दम नाही, यावर आपलं दोघांचं एकमत होतं. खसखस मात्र कधीच नव्हती. त्याबद्दल आपण डब्यांचं कौतुकही करायचो.

बुधवारच्या तासाला तेव्हा चाळीस माणसं यायची. ज्यांची नजर गेली, किंवा जाऊ घातली आहे, अशी. मी पुस्तक वाचते, ती ऐकतात. कॉलेजात मी एवढं लक्ष देऊन ऐकणारा वर्ग कधी पाहिला नव्हता. ती माणसं गळायला लागली. चाळीसाची तीस झाली, तिसाची एकोणीस. दुसऱ्या रांगेत बसणाऱ्या निवृत्त टायपिस्टबाई, ज्यांना आता फक्त उजेड आणि सावली दिसते, त्या मला जिन्यात म्हणाल्या की तुम्ही वाचता तेव्हा शेजारी कुणीतरी पीठ चाळत बसल्यासारखं वाटतं, आणि घरी गेल्यावर डोकं ठणकतं. मला राग आला. मी मनात म्हटलं, नजर गेली की माणसं कानाचे फार लाड करतात.

समितीकडे तक्रारी गेल्या. एका कंपनीला वर्षाच्या कराराने काम द्यायचं, असं ठरत आलं. चिटणीसांनी तुमच्यासाठी एक शनिवार मागून घेतला, हे तुम्हाला माहीत नसेल. समिती सभागृहात बसेल, मास्तरांनी आवाज लावून दाखवावा, लागला तर विषय संपला. नाही लागला तर कंपनी. ज्या माणसाला आपण दोन वर्षं शिडीवरचा चोर ठरवत होतो त्याने हे केलं. आणि त्यांना स्टुलावर उभं राहिलं तरी चक्कर येते, हे मला त्यांच्या सुनेकडून गेल्या महिन्यात कळलं.

शुक्रवारी दुपारी आपण दोघांनी तीन तास घालवले. तुम्ही वायरी बदलल्यात, जोड पुसलेत, खटके पाहिलेत. मी आधी माइकवर वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचल्या आणि तुमच्या फोनवर त्या ध्वनिमुद्रित केल्या. मग त्या मिक्सरमधून लावून मी खांबाजवळ जाऊन बसले. माझाच आवाज मला नीट ऐकू येईना. आणखी थोडं, मी म्हटलं. तुम्ही उघडलंत. मग सगळं बंद करून तुम्ही वरून विचारलंत, "खसखस?" मी कान टवकारून पाहिलं. काही नाही. तुम्ही स्वतः डब्याला कान लावलात, तुम्हालाही काही नाही. खाली उतरून हात पुसत म्हणालात, "उद्या बघू कोण काय बोलतं." तुम्ही शीळ घालत वायर गुंडाळलीत. बावीस वर्षांत तुम्हाला शीळ घालताना मी पहिल्यांदा पाहिलं.

शनिवारी समितीचे सहा जण, बुधवारची दहाबारा माणसं आणि मी. मी पहिल्या रांगेत बसले होते. तुम्ही मिक्सर चालू केलात, माइक उघडलात आणि मुद्दाम काही न बोलता थांबलात. ही तुमची ऐट होती. बघा, किती शांत आहे, हे दाखवायचं होतं. तेवढ्यात टायपिस्टबाई म्हणाल्या, "मास्तर, आधी पंखा बंद करा, खसखस येतेय."

पंखे बंदच होते.

मी मागे वळून पाहिलं. कुणी हसत नव्हतं. सगळे मान हलवत होते, चिटणीससुद्धा, आणि त्यांना ते आवडत नव्हतं हे दिसत होतं. सगळ्यांना येत होती. मी पुन्हा डब्यांकडे पाहिलं, आणि माझ्या कानाला ते दोन्ही दगडासारखे गप्प होते. मग मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडेच बघत होता. तेव्हा आपल्या दोघांना एकाच वेळी कळलं, आणि तसं कळण्याइतकं लाजिरवाणं माझ्या आयुष्यात दुसरं काही घडलेलं नाही.

चिटणीसांनी मला विचारलं की शेवटच्या रांगेत तुम्ही बसता ना, तुम्हाला काल काही जाणवलं नाही का. प्रश्न सरळ होता. उत्तर दोन शब्दांचं होतं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी तुम्ही बोललात.

"बाईंनी सांगितलं होतं. मीच मनावर घेतलं नाही."

मी उघडलेलं तोंड मिटलं. हे इथे छापून यावं म्हणूनच ही चार पानं मी घेतली. मी काहीही सांगितलेलं नव्हतं. मला ऐकूच आलं नव्हतं. समितीने त्या दिवशी एका निष्काळजी माणसाला काढलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नीट वाचावं. यांच्या हातात चूक नव्हती. यांचे कान गेले होते, ते यांना कुणी सांगायला हवं होतं, आणि सांगण्यासाठी यांनी जिला खुर्चीत बसवलं होतं तिचेही गेले होते.

जिन्यात तुम्हाला गाठून मी भांडले, आठवतं? खांद्यावर वायरीचं वेटोळं, हातात पान्यांची पिशवी. असं खोटं बोलायची काय गरज होती, मी विचारलं. मी काय लहान आहे का. तुम्ही दोन पायऱ्या उतरून थांबलात.

"तुम्हाला बुधवार आहे, बाई. मला मुलीकडे जाता येतं."

 तुमचा हा मोठेपणा मला आवडला नाही, हे लिहून ठेवते. तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी हो म्हटलं असतं की नाही, ही पुढची गोष्ट.

कंपनीचा माणूस सोमवारी आला. शिडी लावून डब्यामागे गेला आणि बराच वेळ खाली उतरला नाही. मग त्याने विचारलं, ह्या तारखा कुणी टाकल्या. उजव्या डब्याच्या पाठीवरची चिकटपट्टी त्याने सोलून काढली आणि मी ती मागून घेतली. तिच्यावर चौदा रेघा आहेत, सगळ्या तुमच्या हाताच्या. पहिली बटणाच्या मध्यावर, आणि पुढची प्रत्येक मागच्या रेघेच्या जरा उजवीकडे. बटण उभं होतं ते बरोब्बर चौदाव्या रेघेवर. कुणी कधी हात लावलेला नव्हता. चिटणीसांसाठी लावलेल्या सापळ्यात आपण दोघं तारीखवार अडकलो होतो, आणि दर दोन महिन्यांनी ती पट्टी बघूनही आपल्याला दिसलं नाही. नव्या माणसाने मिक्सर शून्यावर ठेवला, बटण तुमच्या पहिल्या रेघेपाशी आणलं आणि झालं. सहा मिनिटं लागली. बुधवारी आता चौतीस माणसं येतात. आवाज चांगला आहे असं ती म्हणतात. हे लिहायला मला त्रास होतो, पण तुम्हाला खोटं आवडत नाही. म्हणजे इतरांचं.

आता राहिलं आपलं काम.

त्या आठवड्यात मीच म्हटलं होतं की दोघांनी जाऊन कान तपासून घेऊ. तुम्ही आढेवेढे घेतलेत, मग अट घातलीत की कान तपासतात त्या काचेच्या खोलीत आधी मी बसायचं. मी कबूल झाले. कानाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली. गुरुवार, सकाळी अकरा, व्यक्ती दोन. ठरलं असं की साडेदहाला तुम्ही मला न्यायला यायचं. मी सव्वादहालाच चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत बसले. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले, अकरा वाजले. तुम्ही आला नाहीत. घाबरला, असं मी म्हटलं. शिडीवर चढणारा माणूस काचेच्या खोलीला घाबरला. मी चपला काढल्या आणि हट्टाने फोन केला नाही. एकटी जाऊ शकले असते. गेले नाही. रविवारी तुम्ही दोघं मुलीकडे निघून गेलात, तेव्हा निरोप द्यायलासुद्धा मी आले नाही.

सोमवारी खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, गुरुवारी कुठे गेला होतात? तुमचे ते मास्तर पंधरा मिनिटं तुमच्या दाराशी उभे होते. घंटा वाजवत होते, आम्हाला खाली ऐकू येत होती.

मी पुढच्या खोलीतच होते, मास्तर. दारापासून चार पावलांवर.

चिठ्ठी माझ्या शब्दकोशात ठेवली आहे, तुमच्या चिकटपट्टीच्या शेजारी. दवाखान्यातून नंतर कुणीतरी फोन केला होता, नवी तारीख हवी का विचारायला, असं वाटतं. मी म्हटलं, हो हो, उत्तम.